खिशात सापडलेल्या वस्तू

गुरुवार, ७ मार्च

जावईबापूंस,

हे पत्र तुमच्या शर्टाच्या डाव्या खिशात सापडेल. घाबरू नका, बिल नाही. बिल नेहमीसारखं पोलीस ठाण्याच्या कारकुनाकडे जाईल. फोन केला की माझी लेक उचलते आणि "आई, ते मीटिंगमध्ये आहेत" म्हणते. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, रविवारी ऐन जेवणाच्या वेळी मीटिंग. अशा माणसाला गाठायचं तर त्याच्या कपड्यांतूनच गाठावं लागणार. कपडे तरी माझ्या लाँड्रीत वेळेवर येतात.

परवाच्या पेपरात तुमचा फोटो पाहिला. केंद्राच्या खात्याचा तो साहेब, अंगात कोणाचा तरी मागून आणलेला वाटावा असा कोट, आणि शेजारी शहर पोलिसांचे प्रमुख म्हणून तुम्ही. हातात हात, आणि दोघांचे दात कॅमेऱ्याकडे. खाली छापलं होतं, 'बिनकागदाच्या परदेशी माणसांचा शोध: शहर पोलिसांचं केंद्राला संपूर्ण सहकार्य.' गावाने तुमचे दात पाहिले असतील. मी शर्ट पाहिला. बाहीवरची ती सुरीसारखी घडी माझ्या दुकानातली आहे. कष्ट आमचे आणि मिरवणं तुमचं, यात नवीन काही नाही, पण यापूर्वी मला त्याची लाज वाटली नव्हती.

सहकार्य म्हणजे नक्की काय करायचं ठरलंय, ते मला साध्या भाषेत कळवा. पेपरात 'समन्वय' आणि 'सुसूत्रता' असले शब्द होते. असले शब्द माणूस काहीतरी झाकायचं असलं की वापरतो, हे मी तुमच्या सासऱ्यांबरोबर संसार करून शिकले.

मला कळतं ते एवढंच, की माझ्या दुकानासमोरच्या कोपऱ्यावर तुमची गाडी उभी राहते आणि माझे कपडे पडून राहतात. बांधकामावरच्यांचे, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांचे, रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या बायकांचे. धुऊन, टॅग लावून दांडीवर लटकतायत. न्यायला कोणी येत नाही. ती गाडी तेवढी हलवा. बाकी तुमचं राज्य तुम्ही चालवा.

आणि हो, आमच्या दुकानाचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. खिशात जे सापडेल ते पुडीत घालून कपड्याला टाचून मालकाला परत. या वेळी तुमच्या मोठ्या हवालदारांच्या खिशात बायकोने दिलेली सामानाची यादी सापडली, आणि तीही मागच्या महिन्याची. त्यांच्या घरी काय झालं असेल याची कल्पना आहे, म्हणून पुडीवर 'जपून' असं लिहिलंय.

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते,
तुमची सासू

गुरुवार, १४ मार्च

जावईबापू,

गाडी हलवा म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत. दोन गल्ल्या पुढे नेलीत आणि मंगळवारी दुपारी तिथे आमच्या घडीला धरलंत.

कोण घडी, असं विचारू नका. वाफेच्या इस्त्रीवर उभी असते ती, बारीक, केस वर बांधलेली. तिचं खरं नाव दुकानात कोणी घेत नाही, अशा घड्या पाडते म्हणून सगळे घडीच म्हणतात. तुमच्या लग्नाच्या दिवशी तुमच्या कोटाला शाईचा डाग पडला आणि तुम्ही तोंड एवढंसं करून माझ्या दुकानात आलात, तेव्हा गिऱ्हाईकं थांबवून तिनेच तो डाग काढला आणि कोट गरम-गरम तुमच्या अंगात चढवला. "ताई, तुम्ही नसता तर माझी फजिती होती," असं तुम्ही म्हणालात. मी शेजारी उभी होते. त्या दिवशी तिचे कागद तुम्हाला पाहायचे नव्हते, स्वतःची अब्रू झाकायची होती.

दुपारच्या सुट्टीत ती रोज घरी जाऊन येते. जेवायला जाते, आणखी कशाला जाणार. मंगळवारी गेली ती आलीच नाही. नाक्यावरच्या टायरवाल्याने येऊन सांगितलं. तिच्या गाडीचा मागचा दिवा गेला होता. पूर्वी तुमचा शिपाई काचेवर टकटक करायचा, "ताई, दिवा बदला" म्हणायचा आणि आपल्या वाटेने जायचा. या वेळी तुमच्या त्या नव्या शिपायाने कसलंसं यंत्र काढलं, तिला बोट टेकवायला लावलं आणि केंद्राची गाडी येईपर्यंत फुटपाथवर बसवून ठेवलं. त्याच्या गाडीत बसायला जागा होती. टायरवाल्याने तिला पाणी नेऊन दिलं तर त्याला "लांब उभा राहा" म्हणून दटावलं. दिव्याचं कोणी नावही काढलं नाही.

संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन घेतलात, उपकार झाले. काय बोललात ते तुमच्या लक्षात नसेल म्हणून लिहिते.

"आई, आम्ही फक्त थांबवतो. नेतात ते."

"म्हणजे मान तुम्ही धरायची आणि सुरी त्यांनी चालवायची."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

मी लाँड्री चालवते. भावनेच्या भरात बोलले असते तर तुमच्या ठाण्याच्या चड्ड्या-बनियन चौकात वाळत घातल्या असत्या.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन आले. दाराला बाहेरून कुलूप, आत चिडीचूप. हाका मारल्या, दार वाजवलं. शेजारची बाई खिडकीच्या फटीतून बघत होती, माझी नजर गेल्यावर तिने पडदा ओढून घेतला. याआधी हीच बाई मला बघून गप्पा मारायला पायरीवर येऊन बसायची.

मला दोन गोष्टी कळवा. तिला कुठे ठेवलंय. आणि तिला घरच्या माणसांबद्दल तुमच्या शिपायाने काही विचारलं का, आणि ती काय म्हणाली. दुसरी गोष्ट उगाच विचारते. म्हाताऱ्या बाईला चौकशा फार.

कालच्या गठ्ठ्यात खिशांतून नेहमीचंच निघालं. शिट्टी, खोकल्याच्या गोळ्या, सिनेमाची तिकिटं. पुड्या टाचल्या आहेत. नव्या शिपायाच्या खिशात काही नव्हतं.

सासू

गुरुवार, २१ मार्च

जावईबापू,

तुमची चिठ्ठी पोचली. वर ठाण्याचा शिक्का, त्याखाली जावक क्रमांक. सासूला जावक क्रमांक घालून उत्तर देणारा जावई साऱ्या खानदानात तुम्ही पहिलेच. जावई म्हणजे दहावा ग्रह असं जुनी माणसं म्हणायची, पण त्या ग्रहाचं कार्यालय असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही लिहिता, 'सदर महिलेस केंद्राच्या ताब्यात देण्यात आले असून पुढील माहिती केंद्राकडेच मिळू शकेल. घरी कोण आहे असे विचारले असता, घरी कोणी नाही असे तिने स्वतः सांगितले आहे. तरी आपण काळजी करू नये. तसेच या खेपेस गणवेशाच्या पँटींना दुहेरी घड्या पडल्या आहेत, त्याकडे लक्ष द्यावे.'

हे मी तीनदा वाचलं. तीन वाक्यं तिच्यासाठी आणि चौथं पँटींसाठी. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. दुहेरी घड्या का पडतात ते तुम्हाला कळत नसेल तर पोलिसात कशाला गेलात. घडी घालणारी बाई तुम्हीच उचलून दिली आहे. आता इस्त्रीवर मी उभी राहते, माझे गुडघे आणि माझा चष्मा घेऊन. पडतील तशा पडतील. तुमच्या पायांना दोन बाजू आहेत, दोन घड्या शोभतील.

घरी कोणी नाही म्हणाली ना, मग नसेल कोणी. तुमच्या माणसांनी विचारलं म्हणजे खरंच सांगितलं असणार. तो विषय संपला. तिच्या घराकडे फिरकायची तुम्हाला गरज नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला भरदिवसा लुटलं, हे तुम्हाला कळलंच असेल. कळलं नसेल तर मीटिंग झाल्यावर कोणालातरी विचारा. समोरच्या बांधकामावर पाच-सहा माणसं होती, परातीतलं सिमेंट हातात तसंच धरून त्यांनी सगळं पाहिलं. चोराचं तोंडही उघडं होतं म्हणे. तुमचे हवालदार आले, "कोणी पाहिलं का?" करत दारोदार फिरले. कोणी पाहिलं नव्हतं. सगळे नेमके त्याच वेळी दुसरीकडे बघत होते. औषधवाला डोक्याला पट्टी बांधून बसलाय आणि चोर मजेत आहे. मागचा दिवा गेलेली बाई मात्र तुम्ही वेळेत पकडलीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आम्ही नुसतं ऐकून होतो, तुम्ही दाखवलंत.

रविवारी तुम्ही दोघं माझ्याकडे जेवायला येणार होतात, ते तूर्त राहू दे. घरात रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही.

सासू

गुरुवार, ४ एप्रिल

जावईबापू,

रविवारी नको म्हटलं तरी तुम्ही येऊन गेलात, ते दारातल्या फळांच्या पिशवीवरून कळलं. मी बहिणीकडे गेले होते. तिची तब्येत बरी नसते. "आईकडे रंगाचा वास येत नव्हता" असं तुम्ही घरी जाऊन म्हणालात म्हणे. हल्लीच्या रंगांना वास नसतो. एवढं नाक औषधवाल्याच्या दुकानात लावलं असतंत तर चोर सापडला असता.

फळं चांगली होती. मऊ होती, चावायला त्रास झाला नाही. कोणालाच.

घडी कुठे आहे ते तुमच्या मदतीवाचून कळलं. एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी दोन फोन केले आणि जागा शोधून काढली. संपूर्ण सहकार्य करणाऱ्या पोलिसप्रमुखांना जे तीन आठवड्यांत कळत नव्हतं ते त्यांना चहा निवायच्या आत कळलं. मी जाऊन आले. गावाबाहेर गोदामासारखी इमारत आहे, खिडक्या नावाला. आत मध्ये काच, अलीकडे एक फोन, पलीकडे एक फोन. तिच्या अंगात तिथला झगा होता, धुतलेला पण पिळून तसाच वाळवलेला. बोलताना ती सारखी कॉलरची सुरकुती बोटांनी सपाट करत होती. ती काही जात नव्हती.

तिने मला सगळ्यात आधी काय विचारलं ते तुमच्या कानावर घालायचं कारण नाही. मी मान हलवली. फोन कानाला तसाच धरून ती रडली, बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "साहेबांच्या पँटी हल्ली कोण करतं?"

मी म्हटलं, "मी. दुहेरी पडतात."

ती हसली. जावईबापू, तिला त्या काचेमागे हसताना बघून मला तुमचा जेवढा राग आला तेवढा ती रडताना आला नव्हता.

आता कामाचं. येत्या मंगळवारी तिची सुनावणी आहे. वकीलबाई म्हणतात, पोलिसप्रमुखांच्या सहीचा एक कागद मिळाला तर तिला इथे राहून खटला लढता येईल. फार लिहायचं नाही. 'ही बाई इतकी वर्षं या शहरात राहते, आमच्या ठाण्याचे कपडे करते, तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही.' हे खरं आहे, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. लेक दिली तेव्हाही अटी घातल्या नव्हत्या, ती माझी चूक झाली. आता हे एक मागते. कागद आणि पेन दोन्ही या पुडीत घातलंय, पेन तुमच्याच खिशातलं आहे, आणि उत्तर लेकीच्या हाती पाठवलंत तरी चालेल.

वाट बघते,
सासू

गुरुवार, २५ एप्रिल

जावईबापू,

सही आली नाही. लेकीकरवी तुमचा एक शब्द आला, 'धोरणात बसत नाही'. मी तिला म्हटलं, त्यांच्या धोरणात काय-काय बसतं ते एकदा विचारून ठेव, तुझ्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल.

घडीला मागच्या शुक्रवारी सरहद्दीपलीकडे सोडलं. अंगावरचे कपडे आणि एक प्लास्टिकची पिशवी. त्याच शुक्रवारी केंद्राच्या खात्याने तुमचा सत्कार केला. तुम्हाला लाकडावर बसवलेली पितळेची ढाल दिली. पेपरात फोटो होता. माझ्या लेकीने आतापर्यंत तुमचे सगळे सत्कार भिंतीवर लावले, ही ढाल मात्र तिने चपलांच्या कपाटावर ठेवली आहे असं ऐकते. तिथे ती शोभून दिसत असेल.

मी काही दिवस प्रवासाला जाते आहे. गुडघ्यांसाठी हवापालट. दुकान बंद राहील. कपड्यांचा खोळंबा होईल, तो तुम्ही समन्वयाने आणि सुसूत्रतेने सोडवावा.

सासू

गुरुवार, ९ मे

प्रमुख साहेब,

जावईबापू लिहायला हात वळला नाही.

दुकान पुन्हा उघडलंय. हा तुमच्या ठाण्याचा शेवटचा गठ्ठा. पुढच्या आठवड्यापासून दुसरी लाँड्री बघा. या वेळी एकाही पँटीला दुहेरी घडी नाही, मी शिकले.

आता सांगते, कारण जिच्याबद्दल सांगायचं ती आता तुमच्या हाताला लागणार नाही.

नव्या शिपायाच्या खिशात काही नव्हतं असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. त्या बुधवारी त्याच्या शर्टाच्या खिशात किल्ल्या निघाल्या. घडीची गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायला त्याने तिच्याकडून त्या घेतल्या, गाडी लावली, खिशाचं बटण लावलं आणि ड्यूटी संपल्यावर शर्ट धुवायच्या पिशवीत टाकला. माणूस केंद्राकडे जमा केला त्याची पावती आठवणीने घेतली असेल, किल्ल्या विसरला. कड्याला आमच्या दुकानाची लाल कापडी पट्टी होती, घडीने स्वतः टाके घातलेली. त्यामुळे मी ती लगेच ओळखली. एक किल्ली गाडीची होती, दुसरी घराची.

घरात तिची आई होती.

म्हातारी सगळं विसरते. दार उघडं राहिलं तर चालू लागते आणि रस्ता विसरते, म्हणून घडी बाहेरून कुलूप घालून कामावर यायची आणि दुपारी तिला भरवायला, तिचं आवरायला जायची. मंगळवारी तुम्ही तिला धरलंत ते जाताना, येताना नाही. म्हातारीकडेही कागद नाहीत. घडीने "माझी आई आत कोंडलेली आहे" असं सांगितलं असतं तर तुमच्या शिपायाने दार उघडलं असतं, यात शंका नाही. आणि मग आईलाही त्याच गाडीत घातलं असतं, यातही नाही. म्हणून ती घरी कोणी नाही म्हणाली. मी शोधत येईन एवढ्याच भरवशावर. उपाशी, तहानलेल्या आईला कुलपात राहू देणं तिला पोलिसाला सांगण्यापेक्षा बरं वाटलं. तुमच्या सगळ्या नोकरीबद्दल आणि सगळ्या ढालींबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा ती आतच होती. तुमचं ते 'संपूर्ण सहकार्य' पेपरात आलं त्या दिवसापासून घडीने तिला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: दार वाजलं की आवाज करायचा नाही. जेवली की नाही ते म्हातारी विसरते, लेकीचं नाव विसरते, हे तेवढं विसरली नाही. मी हाका मारत राहिले, ती गप्प राहिली. तिलाही तुम्ही नेलंत असं समजून मी परत फिरले. माझ्या आवाजाला ती भ्यायली, हे मी तुमच्या खात्यावर मांडते.

बुधवारी किल्लीने दार उघडलं तेव्हा ती पलंग आणि भिंत यांच्यामध्ये बसली होती. ओठ सुकलेले, कपडे ओले. पाणी पाजलं, धुतलं-पुसलं, दुकानाच्या टेम्पोत चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसवलं. एका बाजूला तुमच्या ठाण्याचे मळके गणवेश होते. नाक्यावर तुमच्या माणसाने टेम्पोला हात केला. आत डोकावला, गणवेश पाहिले, मला सलाम केला आणि जा म्हणाला. त्याच्या जागी एखादं शेंबडं पोर असतं तर त्याने चादरीतून बाहेर आलेले पाय पाहिले असते.

मग ती माझ्या घरी राहिली. माझ्या घरात रंगकाम निघालं नव्हतं. तुमची मऊ फळं तिने खाल्ली, सगळी.

त्या रविवारी तुम्ही दार वाजवलंत तेव्हा मी घरातच होते. सवयीने उठलेही, उघडायला निघाले. तिने माझा हात धरला. तोंडावर बोट ठेवलं, मला ओढत पलंगामागे नेलं, खाली बसवलं आणि स्वतः चिकटून बसली. तुम्ही बाहेरून "आई, अहो आई" म्हणत होतात. ती माझ्या कानात म्हणाली, "बोलू नकोस हं ताई. जातील ते." मी तिला तिची थोरली बहीण वाटायचे. पायांत बळ नाही, पण हाताला काय जोर होता तिच्या. तुम्ही पिशवी ठेवून निघून गेलात, त्यानंतरही तिने मला उठू दिलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जावयापासून लपून मी जमिनीवर बसले होते. आधी मला हसू आलं, मग लाज वाटली. मग ही लाज माझी नाही, तुमची आहे, हे लक्षात आलं आणि गुडघ्यांची कळ सोसून मी तशीच बसून राहिले.

मी बहिणीकडे गेले होते असं तुम्हाला लिहिलं. मला बहीण नाही. मी एकुलती एक आहे आणि हे तुमच्या बायकोला कळायला लागल्यापासून माहीत आहे. माझं पत्र वाचून तुम्ही तिला विचारलंत, तेव्हा ती म्हणाली, "हो, मावशीला बरं नसतं हल्ली." तिने हे मला फोनवर सांगितलं. का, कशाला, असं तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी फक्त एक गरम शाल आणि म्हाताऱ्या माणसाला लागतात ती औषधं दुकानात आणून ठेवली. हे तुम्हाला लिहू का, असं मी तिला काल विचारलं. "लिही," म्हणाली, "मलाही कधीतरी सांगायचंच होतं." तेव्हा, साहेब, दार वाजलं की गप्प बसायचं, हे तुमच्या घरातही शिकून झालंय. तुम्ही गेला महिनाभर त्याला घरातली शांतता समजत होतात.

हवापालट म्हणजे मी तिला घेऊन बसने सरहद्दीवर गेले. जाणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तिथल्या पोलिसाने तिची पिशवी उचलून दिली आणि "सावकाश जा, आजी" म्हणाला. इतकी वर्षं एवढ्या मायेने कोणी बोललं नव्हतं तिच्याशी, ते बाहेर पडताना बोललं. फाटकापलीकडे घडी उभी होती. म्हातारीने तिला ओळखलं नाही. नुसती बघत राहिली, मग हात पुढे करून तिच्या कॉलरवरची सुरकुती बोटाने सपाट केली. तेव्हा घडी तिच्या गळ्यात पडली. मी वळले आणि बसमध्ये येऊन बसले, मला ते बघवेना.

मी बिनकागदाच्या बाईला घरात ठेवलं, पोलिसापासून लपवलं, तुम्हाला लेखी थापा मारल्या. गुन्हा नोंदवायचा तर नोंदवा. बोलावलंत तर ठाण्यात येईन, फक्त खुर्ची द्या, फुटपाथवर बसायचं वय राहिलं नाही. सगळे पुरावे तुमच्याच खिशांत आहेत, दर गुरुवारी टाचलेले.

खिशात सापडेल ते मालकाला परत, हा दुकानाचा नियम मी तेवढा एकदा मोडला. आता पाळते. मालकीण तर तुम्ही इथे ठेवली नाही, म्हणून किल्ल्या ज्या खात्याच्या खिशात सापडल्या त्या खात्याला देते. पुडी शिपायाच्या शर्टाला नाही, तुमच्या शर्टाला टाचली आहे. सवड झाली तर स्वतः जाऊन या. कुलूप जरा अडकतं, किल्ली वर उचलून फिरवावी लागते. आत एक पलंग आहे, भिंतीपासून थोडा पुढे ओढलेला. दार वाजवत बसू नका. घरी कोणी नाही.